ऐझॉलचा ग्राउंड फ्लोअर

लिफ्टच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. घरच्या माळ्यावर रिकामे खोके साठतात ना, तसे. कामाला येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. आमची कंपनी चाकणला, मी तिथे इन्स्टॉलेशनचा सुपरवायझर. फर्स्ट शिफ्ट सुटली की गेटसमोरच्या टपरीवर आम्ही टेकतो, आणि चहा हातात आला की कुणीतरी म्हणतंच, "सावंतभाऊ, ते ऐझॉलचं होऊन जाऊ द्या." सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तरी सांगायला लावतात. मीही काही आढेवेढे घेत नाही.

ऐझॉल म्हणजे मिझोरामची राजधानी. राजधानी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे रुंद रस्ते, मोठं सर्कल, मध्ये कारंजं असलं काहीतरी होतं. प्रत्यक्षात ते गाव डोंगराच्या धारेवर बसलंय आणि दोन्ही बाजूंनी खाली ओघळलंय. क्रिकेट खेळायला सपाट जागा शोधायची तरी गावभर हिंडावं लागेल. तिथल्या एका बिल्डिंगला लिफ्ट बसवायला आम्ही तिघं गेलो होतो. एक मी, मूळचा कोकणातला पण आता संत तुकाराम नगरात मुरलेला. दुसरा तानाजी, कुरुळीचा, आमचा फिटर. आज जिथे कंपन्यांचे गेट आहेत तिथे त्याच्या घरची ज्वारी उभी असायची. आणि तिसरा विश्वनाथ, परभणीचा, इलेक्ट्रिशियन. तिघांपैकी कुणीच त्या बाजूला पूर्वी गेलेलं नव्हतं, हे पुढे सांगायची गरज पडणार नाही.

*

विमानतळापासून गाव लांब आहे आणि रस्ता सगळा वळणाचा. गाडीत बसल्या बसल्या मी दोघांना लेक्चर दिलं. "घाटाची सवय असावी लागते. आमच्याकडची पोरं घाट उतरताना डबे खातात."

तिसऱ्या वळणावर गाडी थांबवायला सांगणारा माणूस मीच होतो. मी रस्त्याच्या कडेला वाकून बसलेला, तानाजी मागून आला, पाठीवर हात फिरवला आणि अगदी मायेनं म्हणाला, "भाऊ, डबा काढू का?"

गाडी चालवत होता माविया. बिल्डिंगवाल्यांनी आमच्यासाठी दिलेला माणूस. आमचा ड्रायव्हर, दुभाषा आणि पालक, सगळं तोच. गुवाहाटीत काही वर्षं काढल्यामुळे त्याला हिंदी येत होतं. थोड्या वेळानं समोरच्या डोंगरावर गाव दिसायला लागलं, घरांवर घरं रचलेली. आम्ही बॅगा आवरून बसलो. गाडी मात्र गावाकडे पाठ करून दुसरीकडेच निघाली.

"कामून उलटं चाललाय हा?" विश्वनाथ अस्वस्थ झाला. "गाव तर तिकडं हाय."

मावियाला विचारलं. तो म्हणाला, "दिख रहा है, मतलब अभी एक घंटा है।"

"और पहुँचा कब समझने का?"

"जब दिखना बंद हो जाएगा।"

तेच खरं झालं. गाव दिसेनासं झालं आणि आम्ही गावात होतो.

*

आम्हाला एका लॉजवर उतरवलं होतं. दुसऱ्या दिवशी विश्वनाथ तिथून साबण आणायला बाहेर पडला आणि हरवला. आपल्याकडे पत्ता सांगणं सोपं. अमुक कंपनीचं गेट, तमुक चौक, डावीकडे वळ. तिथे डावं-उजवं कुणी सांगतच नाही. वर आणि खाली, एवढंच. दुकान कुठे? वर. पोस्ट? त्याच्या खाली. लॉज? दोन रस्ते खाली.

विश्वनाथनं फोनवर मॅप लावला. मॅप बिचारा वरून बघतो, त्याला उंची काय कळणार. तासभरानं त्याचा मला फोन आला. "भाऊ, मॅप म्हणतोय पोचलात. पण इथं लॉजच न्हाई. नुसती मोकळी जागा हाय, दोन गाड्या उभ्या हायत."

"नीट बघ. बोर्ड दिसतोय का?"

"काहीच न्हाई ओ. कठडा हाय आन् पाण्याच्या टाक्या हायत."

मी खोलीत कॉटवर पडलो होतो. म्हटलं, "विश्वनाथ, जरा पाय आपट."

माझ्या डोक्यावर धप्प, धप्प आवाज आला. लॉजचं छत वरच्या रस्त्याला लागलेलं, त्यावर पार्किंग, आणि हा पठ्ठ्या तासभर आमच्याच डोक्यावर येरझाऱ्या घालत होता.

*

तिथे कुणी हॉर्न वाजवत नाही. अरुंद रस्ता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, त्यामुळे गाड्यांची ही लांब रांग लागते. पण सगळे शांत. दुचाकीवालेसुद्धा आपल्या बाजूनं एकामागे एक उभे. मध्ये घुसणं नाही, शिव्या नाहीत. चाकणच्या चौकात वाढलेल्या माणसाला ही शांतता सोसत नाही.

पहिल्यांदा अशा रांगेत अडकलो तेव्हा तानाजीनं खिडकीतून मान काढून पुढे बघितलं, मागे बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळूच मला विचारलं, "कोण वारलंय?"

*

आता मुख्य गोष्ट. बिल्डिंग.

रस्त्याला लागून दार होतं. आत गेलो तर पुढे वर जायला जिनाच नाही, सगळा जिना खाली. रस्त्याच्या पातळीवर एक मजला आणि त्याच्या खाली उतारावर पाच. प्रत्येक मजल्यावर घरं, घरांना गॅलऱ्या, गॅलरीत फुलांच्या कुंड्या. आमच्याकडच्या ड्रॉइंगमध्ये मात्र ग्राउंड फ्लोअर सगळ्यात खाली आणि लोक तिथून आत शिरतात असं धरलेलं. पृथ्वीवर दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

मी डिझाइनच्या कुलकर्णी सरांना फोन लावला. माणूस हुशार, सज्जन, पण वाकडला टॉवरमध्ये राहतात आणि जग म्हणजे वाकड अशी त्यांची समजूत आहे.

"सर, इथे मेन दार सगळ्यात वर आहे."

"सावंत, तुम्ही गच्चीवर उभे असाल."

"गच्चीवर नाही सर, रस्त्यावर आहे."

"मग ग्राउंड फ्लोअरला आहात."

"हो. आणि त्याच्या खाली पाच मजले आहेत."

पलीकडे ड्रॉइंग उलगडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पाच बेसमेंट?"

"बेसमेंट नाहीत हो. माणसं राहतात. ऊन येतं घरात."

"बेसमेंटला ऊन कसं येईल?"

शेवटी व्हिडिओ कॉल केला. तानाजीनं फोन हातात धरून बिल्डिंग, दरी, समोरचा डोंगर, सगळं फिरवून दाखवलं. कुलकर्णी सर वैतागले. "अरे तानाजी, फोन आधी सरळ धर."

तानाजी म्हणाला, "सरळच धरलाय सर. गाव तिरकं हाय."

सर बिचारे शेवटी म्हणाले, "ठीक आहे, मी बघतो." डिझाइनचा माणूस 'मी बघतो' म्हणाला की मला रात्री झोप लागत नाही. का, ते पुढे येईलच.

काम मात्र सुरू झालं. आमचा सगळा जन्म सामान वर चढवण्यात गेलेला, इथे रस्त्यावरून सगळं खाली उतरवायचं. संध्याकाळी तानाजी पाय चोळत बसला आणि म्हणाला, "सामान चढवून दमलेली मानसं बघितली होती राव. उतरवून दमलेला मी पयलाच."

*

सगळ्यात खालच्या मजल्यावर थंगी आजी राहायच्या. नावाच्या आधी तिथे मानानं 'पी' लावतात, आम्ही आजीच म्हणायचो. ऐंशीच्या आसपास वय, अंगानं काटकी, बोलणं फटकळ. भाषा कळत नव्हती, पण फटकळपणा कळायला भाषा कशाला लागते. आमचं काम त्यांच्या दारासमोरच चाललेलं. रोज सकाळी बिनदुधाचा लाल चहा आणून ठेवायच्या आणि मावियाला विचारायच्या, "झाली का?"

गुडघे गेल्यापासून आजींनी रस्ता बघितला नव्हता. घरात चालायच्या, स्वयंपाक करायच्या, पण पाच मजल्यांचा जिना होत नव्हता. डॉक्टर खाली यायचा, भाजी खाली यायची. मुलांनी म्हटलं होतं, उचलून वर नेतो. तर त्यांचं ठरलेलं उत्तर, "उचलून मेलेल्या माणसाला नेतात."

त्यांची धाकटी बहीण समोरच्या उतारावर राहायची. दोन्ही घरांमध्ये फक्त दरी. गॅलरीतून ते घर स्वच्छ दिसायचं, हिरवा कठडा, वाळत घातलेले कपडेसुद्धा. बहिणी रोज गॅलरीत उभ्या राहून फोनवर बोलायच्या आणि बोलता बोलता एकमेकींना हात करायच्या. पण तिथे जायचं म्हणजे आधी इथून वर रस्त्यावर, मग डोंगराला वळसा घालून पलीकडे. तिचेही गुडघे तसलेच. किती नाताळ वेगवेगळे झाले ते आजींनी आम्हाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, यंदाचा नाताळ मला तिच्याकडे करायचाय.

तानाजीला ते फार लागलं. त्या दिवशी जेवताना म्हणाला, "आमच्या आयचं बी गुडघं गेल्यात. पण ती रोज दोन घरं टाकून जाती, भांडती आन् परत येती. जमीन सपाट हाय म्हनून." मग उठून सरळ आजींकडे गेला आणि मराठीतच सांगून आला, "आजी, नाताळाच्या आत न्हेतो. काळजी करू नगा." आजींनी त्याला मिझोमध्ये काहीतरी उत्तर दिलं. दोघांचं पटलेलं दिसलं.

*

शब्द दिला खरा, पण त्या गावात दिवस पुरत नाही. डिसेंबरात साडेचारला अंधार पडायला लागतो. पहाट मात्र आपल्या आधी. पहिले काही दिवस तानाजी अंधार पडला की जेवायला बसायचा आणि मग झोपायच्या वेळी परत भूक लागली म्हणून कुरकुरायचा.

मी म्हटलं, रविवारी ओव्हरटाइम करू, गॅप भरून निघेल. रविवारी सकाळी टूलबॉक्स घेऊन बाहेर पडलो तर अख्खं गाव बंद. दुकानं बंद, रस्ते रिकामे, चर्चमधून गाण्याचा आवाज. माविया नव्या कपड्यांत समोरून आला, आमच्या हातातले पाने बघून इतका दुःखी झाला की आम्ही निमूट परत फिरलो. विश्वनाथ म्हणाला, "भाऊ, आपल्याकडं रविवारला फक्त लाईट जाती. इथं तर काम पण जातंय."

त्यात नाताळ जवळ आलेला. घराघरावर कागदी चांदण्या लागलेल्या, विश्वनाथ त्यांना आकाशकंदीलच म्हणायचा. माविया म्हणाला, या शनिवारी झालं तर झालं. त्यानंतर नवीन वर्ष लागेपर्यंत इथे कुणी हात हलवणार नाही, आणि आमचं परतीचं विमानही सोमवारचं होतं. म्हणजे शनिवार चुकला की आजींचा नाताळ परत गॅलरीत.

*

लिफ्ट गुरुवारी तयार झाली. वाळूच्या गोण्या भरून ट्रायल घेतली, अगदी लोण्यासारखी चालली. आणि शुक्रवारी चाकणहून बटणांची पट्टी आली. कुलकर्णी सरांनी 'बघितलं' होतं. वर एक 'जी', आणि त्याच्या खाली बी-वन ते बी-फाइव्ह.

बिल्डिंगचे सेक्रेटरी रिटायर्ड हेडमास्तर होते. त्यांनी चष्मा लावून पट्टी वाचली आणि शांतपणे विचारलं, "आम्ही काय बेसमेंटमध्ये राहतो?" मग रहिवाशांची मीटिंग भरली. रस्त्याच्या मजल्यावरचे म्हणाले, आम्ही एक, आमच्या खालचे दोन, असं धरा. मधले म्हणाले, म्हणजे जितकं खाली तितका मोठा नंबर, हे कुठलं शास्त्र? खालून दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, काहीही करा, पण बेसमेंट नको. लिफ्ट तयार उभी, पण मजल्यांची नावं ठरल्याशिवाय ताब्यात घेणार नाही म्हणून सगळे अडून बसले. मी कुलकर्णी सरांना फोन केला तर ते म्हणाले, "स्टँडर्डप्रमाणे रस्त्याच्या खाली असेल ते बेसमेंटच." मी रागानं फोन ठेवला. मला खरंच त्यांचा राग आला होता, कारण तानाजी तिथे कोपऱ्यात उभा राहून आजींच्या दाराकडे बघत होता.

मीटिंग जिन्यातच चाललेली, त्यामुळे आजींना सगळं ऐकू जात होतं. त्या दार उघडून बाहेर आल्या. वर बघून जे बोलल्या ते मावियानं आम्हाला नंतर सांगितलं.

"इथे उतारावर पहिलं घर माझं झालं. नवऱ्यानं बांधलं. तुम्ही सगळे नंतर एकेक करून माझ्या डोक्यावर येऊन बसलात. आता मला शेवटचा नंबर देता?"

हेडमास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. आजींचा मजला एक ठरला आणि रस्त्याचा सहा. मावियानं बाजारातल्या नेमप्लेटवाल्याला गाठून संध्याकाळपर्यंत आकडे करून आणले, विश्वनाथनं शनिवारी दुपारी ते बसवले.

मी कुलकर्णी सरांना कळवलं, सगळ्यात खालचा मजला पहिला धरलाय. ते म्हणाले, "मग मी सुरुवातीपासून काय म्हणत होतो?"

*

रविवारी चर्च सुटल्यावर आजी निघाल्या. कमरेला नवं कोरं विणलेलं पुआन, म्हणजे तिकडची लुंगी, वरून शाल, हातात पिशवी. लिफ्टमध्ये सोबत तानाजी. बटण त्यानं आजींनाच दाबू दिलं. आम्ही वर दाराशी उभे, बिल्डिंगमधले झाडून सगळे उभे. दार उघडलं, आजी बाहेर आल्या, रस्त्यावर जाऊन थांबल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येणार. माझ्या तर आलंच होतं. आजींनी समोरच्या दुकानाकडे बोट दाखवलं आणि मावियाला म्हणाल्या, "हा रंग कुणी दिला? घाण दिसतोय."

मावियानं गाडी काढली. डोंगराला वळसा घालून पलीकडे जायला बराच वेळ लागला. आजी सगळा वेळ खिडकीतून बघत होत्या आणि कुठे काय नवीन झालं त्याला नावं ठेवत होत्या. फार खूष होत्या.

बहिणीच्या घराजवळ गाडी थांबली. आम्ही उतरलो, आणि कठड्याशी जाऊन बघतो तर घर खाली. सिमेंटच्या पायऱ्या उतरत उतरत पार खाली गेलेल्या, आणि तळाशी दारात धाकटी बहीण उभी. तिचं घर आम्ही इतके दिवस रोज समोरून बघत होतो. तिघं लिफ्टवाले. ते घरही रस्त्याच्या खाली असणार आणि तिथे लिफ्ट नसणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

उचलून नेऊ का, हे आजींना विचारायची कुणाची छाती होईना. आजी कठड्याला धरून खाली बघत होत्या, धाकटी वर बघत होती. दोघींनी फोन काढला नाही की हाक मारली नाही.

मग आजी मावियाकडे न बघताच म्हणाल्या, "खुर्ची आणा."

शेजारच्या घरातून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. आजी बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि बोट वर करून बजावलं, "फक्त खाली. वर नेताना मला कुणी हात लावायचा नाही."

पुढून तानाजी, मागून विश्वनाथ, बाजूनं माविया. एक एक पायरी बघत त्यांनी आजींना खाली नेलं. मी मागून नुसताच "सांभाळून, सांभाळून" म्हणत उतरलो. सुपरवायझरला एवढंच काम असतं. खाली पोचल्यावर धाकटीनं आधी आजींची शाल नीट केली आणि मग त्यांना जोरात रागावली. कशाबद्दल ते मावियानं सांगितलं नाही. आजींनी तिचा हात धरला तो सोडलाच नाही. दोघी तशाच आत जाऊन गॅलरीत बसल्या.

आम्हाला चहा झाला, भात झाला. दोघींच्या गप्पा संपेनात. तानाजी भिंतीला टेकून त्यांच्याकडे बघत बसला होता, एक अक्षर कळत नसताना. असा समाधानी चेहरा मी त्याचा बोनसच्या दिवशीही बघितला नव्हता.

उन्हं उतरायला लागली. सकाळी आम्हाला विमान गाठायचं होतं. माविया आजींजवळ जाऊन बसला आणि हळूच म्हणाला, निघायचं का? आजींनी मान हलवली, नाही. मग त्यानं विचारलं, वर उचलून न्यायचं नाही म्हणता, मग घरी जाणार कशा?

आजींनी अगदी शांतपणे त्याला काहीतरी सांगितलं आणि आम्हा तिघांकडे हात केला.

माविया आमच्याकडे वळला. "बोल रही है, यहाँ भी लिफ्ट लगाओ। फिर जाऊँगी।"

आम्ही हसलो, मावियाही हसला. धाकटी हसली नाही. ती उठून आत गेली आणि दुसरी उशी घेऊन आली.